ऑफिसचा मेल, कुणाचं ॲप?

२०१५ सालच्या पहिल्या काही आठवड्यांत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन ठिकाणी एकच भांडण उभं राहिलं. जानेवारीच्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने आयफोन आणि अँड्रॉइडसाठी ‘आउटलुक’ हे नवं ॲप बाजारात आणलं. थोड्याच दिवसांत युरोपियन पार्लमेंटच्या आयटी विभागाने ते आपल्या सर्व्हरवर अडवलं. ज्यांनी ते फोनमध्ये घेतलं होतं त्यांना सांगण्यात आलं : ॲप काढून टाका आणि पासवर्ड बदला. फेब्रुवारीत, सरकारी कामासाठी सरकारी मेलच वापरा असं बजावणारं भारत सरकारचं ईमेल धोरण प्रसिद्ध झालं. मार्चच्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की, हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना चारही वर्षं सरकारी पत्रव्यवहार स्वतःच्या खासगी ईमेलवरून केला होता.

एकीकडे तक्रार ॲपची, दुसरीकडे पत्त्याची, तिसरीकडे क्लिंटन यांनी घरात बसवलेल्या सर्व्हरची. वाद मात्र एकाच गोष्टीचा होता. कामाच्या पत्राची प्रत कुठे कुठे पडून राहते, आणि ती उघडण्याचा अधिकार कुणाकुणाच्या हातात जातो? कर्मचाऱ्याने मेल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये वाचावा हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. कुणाला थंडरबर्ड बरा वाटतो, कुणाला फोनमधलं आयतं मेल ॲप. ‘तेवढ्यातही आयटीवाले नाक खुपसतात’ ही कुरकुर बहुतेक ऑफिसांत ऐकू येते. आयटीवाल्यांना खरं तर ॲपशी फारसं देणंघेणं नसतं. ते ज्याच्यावर डोळा ठेवून असतात ती गोष्ट ॲपच्या मागे असते.

मुळात ईमेलची रचना करणाऱ्यांनी हा प्रश्न कधी पडूच नये अशीच व्यवस्था केली होती. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल एका यंत्रावरून दुसऱ्यावर कसा जाईल याचे नियम लिहिले. ते आजही एसएमटीपी या नावाने चालू आहेत. सर्व्हरवर जमलेला मेल आपल्या यंत्रावर ओढून घेण्यासाठी १९८४ साली पॉप आला आणि १९८६च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप रचला. हे सगळे खुले नियम. जो कुणी ते पाळून प्रोग्रॅम लिहील त्याला सर्व्हर मेल देणार. प्रोग्रॅम कुणी लिहिला, तो कुठल्या यंत्रावर चालतो, घेतलेला मेल पुढे कुठे ठेवतो, याची विचारणा सर्व्हर करत नसे.

पॉपचा संवाद जवळून पाहिला तर तो किती भोळा होता ते कळतं. प्रोग्रॅम सर्व्हरला जोडला जातो. तो म्हणतो ‘युजर’ आणि नाव देतो. सर्व्हर ‘ओके’ म्हणतो. प्रोग्रॅम म्हणतो ‘पास’ आणि पासवर्ड देतो; सुरुवातीच्या काळात हा पासवर्ड तारेवरून उघडाच जाई, मधे कुणी ऐकत बसलं तर त्याला तो जसाच्या तसा मिळे. मग ‘लिस्ट’ म्हटलं की पत्रांची यादी, एकेक पत्र मागवायचं आणि शेवटी ‘डीली’ म्हणजे सर्व्हरवरून पुसून टाक. झाला व्यवहार. यानंतर ऑफिसच्या सर्व्हरवर त्या पत्राचा मागमूसही राहत नाही. पत्र आता फक्त त्या एका कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर.

आपल्याकडच्या हजारो लहान-मध्यम ऑफिसांनी दहा-पंधरा वर्षं याच पद्धतीवर काढली. अकाउंट्समधल्या जुन्या माणसाच्या पीसीवर आउटलुक, त्याच्या पोटात एक पीएसटी फाइल, आणि त्या फाइलमध्ये कंपनीचा सगळा इतिहास : कोटेशन, पीओ, वसुलीची पत्रं, पार्टीशी झालेली बाचाबाची. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत ही फाइल दोन जीबीच्या आसपास गेली की बिघडायची. ‘पीएसटी करप्ट झाली’ या वाक्याने कितीतरी सोमवार वाया गेले आहेत. २००३च्या आवृत्तीत मर्यादा वाढली, तरी मूळ अडचण राहिलीच. माणूस नोकरी सोडून गेला, पीसी फॉरमॅट झाला, की पत्रव्यवहारही गेला. कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं हे न ठरवणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत अशी सावकाश वसूल होते.

एकाच्या सॉफ्टवेअरचा त्रास शेजाऱ्यालाही होऊ शकतो हे जगाला कळलं ते २६ मार्च १९९९ रोजी. त्या दिवशी ‘मेलिसा’ पसरला. वर्डच्या फाइलमधला हा व्हायरस फाइल उघडताच आउटलुकमधली पत्त्यांची यादी उघडायचा आणि पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत धाडायचा. पुढच्या वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. त्यासोबतच्या फाइलच्या नावात शेवटी आधी ‘टीएक्सटी’ आणि मग ‘व्हीबीएस’ होतं. ओळखीची शेपटं विंडोज आपणहून लपवत असे, त्यामुळे लोकांना नुसतं ‘टीएक्सटी’ दिसलं. साधी मजकुराची फाइल समजून त्यांनी ती उघडली आणि आतला प्रोग्रॅम चालू झाला. हा पन्नासावर थांबला नाही. पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना त्याने पत्र धाडलं. ब्रिटिश संसदेने त्या दिवशी आपली मेल यंत्रणा बंद ठेवली.

गंमत अशी की, युडोरा किंवा लोटस नोट्स वापरणाऱ्यांच्या फायली यात बिघडत असत, पण त्यांच्याकडून पत्रं पुढे जात नसत, कारण व्हायरसला फक्त आउटलुकशी बोलता येत होतं. म्हणजे ज्या ऑफिसांनी शिस्त म्हणून सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर दिलं होतं, त्यांनाच सर्वांत मोठा फटका. ‘सगळ्यांना एकच ॲप द्या’ म्हणणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात ठेवायला हवी. तरीही मला एकाच सॉफ्टवेअरचा पक्ष पटतो, कारण दुरुस्तीही एकाच जागी करता येते. जून २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुरक्षेची भर काढली. प्रोग्रॅम असलेल्या फायली त्यात आपोआप अडू लागल्या आणि दुसरा कुठला प्रोग्रॅम पत्त्यांना हात लावू लागला की विचारणा होऊ लागली. लोकांनी यावर लगेच उपाय काढला, तो आजही चालू आहे : ‘झिप करून पाठव, नाहीतर एक्स्टेन्शन बदल.’

या गोष्टी जुन्या झाल्या असं वाटत असेल तर मार्च २०२३मधली एक घटना सांगतो. आउटलुकमध्ये मीटिंगची आठवण करून देताना कोणता आवाज वाजवायचा हे ठरवता येतं, आणि आवाजाची फाइल कुठे आहे तो पत्ता त्या निमंत्रणातच लिहिता येत असे. हल्लेखोरांनी तिथे आपल्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घातला. निमंत्रणाची वेळ ठेवली आधीच उलटून गेलेली. पत्र येऊन पडताच आउटलुकला वाटे, आठवण द्यायची राहून गेली आहे. ते आवाजाची फाइल आणायला त्या परक्या सर्व्हरकडे जाई, आणि विंडोज सवयीप्रमाणे ओळख पटवायला वापरकर्त्याच्या पासवर्डपासून तयार केलेली सांकेतिक खूण तिथे देऊन येई. पत्र उघडायची गरज नाही, कशावर क्लिक करायची गरज नाही. माणूस चहाला गेलेला असला तरी चालेल. युक्रेनच्या सायबर सुरक्षा पथकाने हे उघडकीला आणलं. मायक्रोसॉफ्टने यामागे रशियातली टोळी असल्याचं म्हटलं. ही फट फक्त विंडोजवरच्या आउटलुकमध्ये होती. मॅक, फोन किंवा ब्राउझरमध्ये मेल वाचणाऱ्यांना तिचा धोका नव्हता. ‘कोण कशात मेल वाचतो’ याची नेमकी यादी ज्या ऑफिसांकडे होती त्यांना त्या आठवड्यात काय करायचं ते ठाऊक होतं. बाकीच्यांची शोधाशोध झाली.

पण ही सगळी सॉफ्टवेअरं निदान ऑफिसच्या टेबलावर होती. खरा गोंधळ मेल खिशात गेल्यावर सुरू झाला.

आधी आला ब्लॅकबेरी, आणि तो आयटीवाल्यांचा लाडका होता. फोन कंपनीचा, सॉफ्टवेअर ब्लॅकबेरीचं, नियंत्रणाचा सर्व्हर ऑफिसात. कॅमेरा चालू ठेवायचा की नाही इथपासून पासवर्ड किती अक्षरी असावा इथपर्यंत शेकडो गोष्टी एका जागेवरून ठरवता येत. मेलच्या सांकेतिक किल्ल्या त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि फोनवरच असत. भारत सरकारने २०१० साली ब्लॅकबेरीवरचा मजकूर तपासयंत्रणांना वाचता यावा अशी मागणी लावून धरली आणि नाहीतर सेवा बंद करू म्हणून मुदत दिली, तेव्हा कंपनीचं उत्तर हेच होतं : कॉर्पोरेट मेलची किल्ली आमच्याकडे नाहीच. पुढे मुंबईत तिने तपासयंत्रणांसाठी सोय उभारली, ती मेसेंजरसारख्या सर्वसाधारण सेवांपुरती. नवलाची गोष्ट ही की, त्या भांडणात सरकारसारख्या पक्षाला अडवून धरणारी वस्तू होती ऑफिसातल्या सिस्टिम ॲडमिनच्या ताब्यातला एक सर्व्हर.

आयफोनने हे चित्र उलटं केलं. जुलै २००८मध्ये त्याला कंपन्यांतल्या ‘एक्स्चेंज’ या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरशी बोलता येऊ लागलं, आणि आयफोन हातात घेऊन आयटीच्या दाराशी पहिला उभा राहिला तो बहुधा कंपनीचा डायरेक्टरच. ‘यावर मेल चालू करून द्या.’ नाही कोण म्हणणार? फोन माणसाचा स्वतःचा, आतला मेल कंपनीचा. इथून पुढे सर्व्हरला प्रथमच विचारावं लागलं : पासवर्ड बरोबर आहे, पण तू कोण?

एक्स्चेंजच्या २०१०च्या आवृत्तीत ही विचारणा पद्धतशीर झाली. मेल मागायला येणाऱ्या प्रत्येक उपकरणाने आपली जात, मॉडेल आणि ओळख क्रमांक सांगायचा. सर्व्हरकडे तीन पर्याय : आत घे, हाकलून दे, किंवा थांबवून ठेव. हे तिसरं फार कामाचं. नवा फोन जोडला की मालकाला एकच पत्र मिळतं : तुमचं उपकरण तूर्त अडवलं आहे, परवानगी मिळेपर्यंत मेल येणार नाही. तिकडे ॲडमिनच्या स्क्रीनवर एक ओळ उमटते : अमुक साहेब, अमुक कंपनीचा फोन, काल रात्री ११ वाजून काही मिनिटांनी. आणि सकाळी फोन वाजतो.

“अहो कुलकर्णी, माझा मेल बंद का आहे?”

“सर, नवीन फोन घेतलात ना? तो लिस्टमध्ये अडकलाय.”

“मग सोडा की. फोन माझाच आहे.”

“सोडतो सर. फक्त स्क्रीन लॉक लावून घ्या, नाहीतर तो परत अडकेल.”

अशा संभाषणांत निम्मं धोरण ठरतं. लेखी धोरणात ‘मान्यताप्राप्त उपकरणांनाच परवानगी’ असं असतं आणि प्रत्यक्षात मान्यता म्हणजे कुलकर्ण्यांचं ‘सोडतो सर’.

या पद्धतीतली फट सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखी आहे. वॉचमन वही पुढे करतो, येणारा नाव आणि फ्लॅट नंबर लिहितो. लिहिलेलं खरं की खोटं हे वॉचमन पाहत नाही. सर्व्हरही उपकरण सांगेल ते मान्य करत असे. याचं सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द ॲपलचं आहे. अनेक कंपन्यांनी नियम केला होता की, आतली माहिती सांकेतिक स्वरूपात साठवणाऱ्या फोनलाच मेल द्यायचा. पहिल्या आयफोनमध्ये आणि आयफोन थ्रीजीमध्ये ही सोय हार्डवेअरमध्ये नव्हतीच, तरी सर्व्हरने विचारलं की ते ‘आहे’ असं सांगत आणि आत जात. सप्टेंबर २००९मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीने खोटं बोलणं थांबवलं. झालं! रातोरात कडक नियमांच्या कंपन्यांतले जुने आयफोन बाहेर. लोक म्हणाले, अपडेटने मेल बिघडवला. खरं तर अपडेटने मेल दुरुस्त केला होता, आणि वर्षभर पाळला जातोय असं समजून चाललेला नियम कागदावरच होता हे उघडं पाडलं होतं.

दुसरी फट उलट बाजूची, कर्मचाऱ्याला चिमटा काढणारी. फोन हरवला तर दुरून पुसता यावा म्हणून सर्व्हरला तसा हुकूम पाठवता येई. हा हुकूम ऑफिसचा मेल आणि मुलीच्या वाढदिवसाचे फोटो यांत फरक करत नसे. फोन कोरा करकरीत. नोकरी सोडताना असा हुकूम सुटला तर? सुरुवातीला फोन जोडतानाच एक खिडकी येई आणि त्यात ॲडमिनला फोन पुसण्याचा अधिकार द्या असं लिहिलेलं असे. ती वाचून ‘ओके’ दाबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, न वाचता दाबणारे सगळेच. स्वतःच्या पैशांनी घेतलेला फोन दुसऱ्याच्या हुकमाने पुसला जाणं मला कधीच न्याय्य वाटलं नाही, सहीसुद्धा घेतली असली तरी. अँड्रॉइडने २०१४पासून फोनमध्येच कामाचा वेगळा कप्पा दिला, पुढे फक्त ऑफिसचं खातं आणि त्याचा मजकूर पुसण्याची सोयही आली. आज ज्या ऑफिसात वैयक्तिक फोनवर मेल द्यायचा आहे तिथे पूर्ण फोन पुसण्याचा अधिकार मागण्याचं काही कारण उरलेलं नाही. अजून मागत असतील तर कर्मचाऱ्यांनी विचारावं.

आता २०१५च्या त्या आउटलुक ॲपकडे येऊ. युरोपियन पार्लमेंटमध्ये मायक्रोसॉफ्टचंच एक्स्चेंज. मग मायक्रोसॉफ्टच्याच ॲपला बंदी का? ॲप मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हतं. डिसेंबर २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अकॉम्प्ली’ नावाची छोटी कंपनी विकत घेतली होती, तिचंच ॲप नवं नाव लावून आलं. ते वेगवान होतं, आणि त्या वेगाचं कारणच अडचणीचं होतं. फोन थेट ऑफिसच्या सर्व्हरकडे जात नव्हता. वापरकर्त्याचं नाव-पासवर्ड ॲप आपल्या क्लाउडला देई. तो क्लाउड तेव्हा ॲमेझॉनच्या यंत्रांवर होता. तिथला सर्व्हर ऑफिसात जाऊन मेल उचले, स्वतःकडे काही काळ ठेवी, चाळून-लावून फोनला पुरवी. म्हणजे एका कर्मचाऱ्याने ॲप घेतलं की ऑफिसचा पासवर्ड आणि मेल तिसऱ्याच्या जागेत गेले, आणि हे त्या कर्मचाऱ्याच्याही गावी नसे. भरीस भर म्हणजे एका माणसाचे सगळे फोन-टॅबलेट सर्व्हरला एकच उपकरण म्हणून दिसत; एक फोन हरवला तर नेमका तोच तोडायचा कसा?

अडवणं मात्र सोपं गेलं. हे ॲप वहीत आपलं नाव खरं लिहीत होतं, त्यामुळे त्या नावाला मज्जाव करणारा एक नियम पुरला. पुढे मायक्रोसॉफ्टने ही रचना बदलून सगळं आपल्याच क्लाउडवर आणलं. पण २०२३च्या अखेरीला विंडोजसाठी नवं आउटलुक आलं तेव्हा जर्मनीत हाच वाद पुन्हा पेटला. दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं त्यात जोडलं की त्याचा पासवर्ड आणि मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो, असं तिथल्या तंत्रपत्रकारांनी दाखवून दिलं, आणि देशाच्या माहिती संरक्षण आयुक्तांनी चिंता व्यक्त केली. ॲपच्या आयकॉनवर बोट ठेवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दोन ॲप स्क्रीनवर सारखीच. एक मेल फोनमध्ये ठेवतं, दुसरं आधी परदेशातून फिरवून आणतं.

भारत सरकारच्या २०१५च्या धोरणात नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवणारी एक तरतूद आहे. सरकारी खात्याचा मेल दुसऱ्या कुठल्याही ईमेल सेवेत पॉप किंवा आयमॅप लावून उतरवून घेऊ नका. म्हणजेच सरकारी खात्याचं नाव-पासवर्ड खासगी सेवेला देऊ नका. त्या सगळ्या दस्तऐवजात मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण ते कुठल्याही ॲपचं नाव घेत नाही. ॲप बदलतील, पासवर्ड तिसऱ्याकडे जाऊ नये हे बदलणार नाही. या धोरणामागे के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका होती. सरकारी अधिकारी परदेशी कंपन्यांच्या फुकट मेलवर कामकाज करतात, मग १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचं काय, असा तिचा सवाल होता. सरकारी पत्र हा अभिलेख आहे आणि अभिलेख देशाबाहेरच्या सर्व्हरवर पडून राहणं कायद्याला धरून नाही. त्यानंतर सरकारी कामासाठी एनआयसी या सरकारच्याच संस्थेची मेल सेवा सक्तीची झाली.

सक्तीमागोमाग पळवाट आली नाही, चोर आले. एनआयसीने मेलच्या दुहेरी ओळखीसाठी ‘कवच’ नावाचं ॲप दिलं. २०२२ साली सुरक्षा संशोधकांना आढळलं की, पाकिस्तानशी जोडली जाणारी ‘ट्रान्स्परन्ट ट्राइब’ ही टोळी बनावट कवच पसरवते आहे. हुबेहूब दिसणारी डाउनलोडची पानं, शोधयंत्रावर त्यांच्या जाहिराती. कर्मचारी आज्ञाधारकपणे ‘कवच’ शोधायला जायचा आणि हेरगिरीचं सॉफ्टवेअर घेऊन यायचा. एकच ॲप सक्तीचं केलं की चोरालाही नक्कल कशाची करायची ते ठाऊक होतं. अशा वेळी ‘हे ॲप घ्या’ एवढं सांगून भागत नाही. ते ऑफिसने स्वतः यंत्रात घालून द्यावं लागतं. पुढे २०२३ साली या मेल सेवेचं काम निविदेतून झोहो या भारतीय कंपनीकडे गेलं आणि केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या यंत्रणेवर आली. पत्ते सरकारीच राहिले.

क्लिंटन यांच्या प्रकरणातला राजकीय धुरळा बाजूला सारला की मागे एक साधी ऑफिसातली गोष्ट उरते. त्यांना ब्लॅकबेरीची सवय होती. परराष्ट्र खात्यात त्यांचं दालन होतं त्या भागात फोन आत न्यायला बंदी; मेल पाहायला बाहेर यावं लागे. राष्ट्राध्यक्ष ओबामांना खास सुरक्षित केलेला फोन मिळाला होता, तसा यांच्यासाठीही मागितला गेला. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने दिला नाही. मग जे चालत होतं तेच चालू राहिलं : स्वतःचा फोन, स्वतःचा पत्ता, न्यूयॉर्कजवळच्या चॅपाक्वा इथल्या घरातला सर्व्हर. २०१५च्या मार्चमध्ये पत्रकारांपुढे त्यांनी कारण दिलं ते सोयीचं. दोन फोन बाळगायचे नव्हते. एफबीआयने पुढे तपासलं तेव्हा फोन एकाहून अधिक निघाले, पण सोय हे कारण मला तरी खोटं वाटत नाही. वरिष्ठांना ‘नाही’ म्हणायचं आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही, याने नियम मोडला जातो, आणि तोही सर्वांत वरच्या खुर्चीतून.

हीच गोष्ट वॉल स्ट्रीटवर डॉलरमध्ये मोजली गेली. तिथल्या दलालांना आणि बँकांना कामाचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून त्यांच्या मेलवर करडी नजर. लोकांनी बोलणं व्हॉट्सॲपवर नेलं. डिसेंबर २०२१मध्ये एकट्या जेपी मॉर्गनला दोन नियामकांनी मिळून २० कोटी डॉलर दंड केला. सप्टेंबर २०२२मध्ये शेअर बाजार नियामकाने १६ कंपन्यांकडून ११० कोटींहून अधिक वसूल केले. आपल्याकडे तर ‘मेल कर’चं ‘व्हॉट्सॲपवर टाक’ कधी झालं ते कुणाला कळलंसुद्धा नाही. मेलचं ॲप काटेकोरपणे ठरवणाऱ्या आणि टेंडरच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवणाऱ्या ऑफिसने आधी दुसरी गोष्ट सोडवावी. लहान धंद्यांत तर त्याही आधीची पायरी बाकी असते : पाच जणांत एकच जीमेल खातं आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. तिथे ॲपच्या निवडीची चर्चा ही चैन आहे.

गेटवरच्या त्या वहीत कुणीही काहीही नाव लिहू शकतो, यावर उत्तर शोधताना मोठ्या कंपन्यांनी शेवटी पासवर्डच बाजूला काढला. पॉप, आयमॅप आणि जुन्या फोनजोडणीत प्रत्येक वेळी नुसतं नाव-पासवर्ड जाई. तिथे ओटीपी विचारायला जागाच नव्हती. त्यामुळे ब्राउझरवर दुहेरी ओळख लावली तरी चोर या बाजूच्या दाराने यायचे. एकच सोपा पासवर्ड हजारो खात्यांवर लावून पाहण्याचे ९९ टक्क्यांहून अधिक हल्ले अशा जुन्या वाटांनी होतात, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं. १ ऑक्टोबर २०२२पासून तिने आपल्या क्लाउडवर ही वाट बंद करायला घेतली. गूगलने त्याच वर्षी ३० मेपासून वैयक्तिक खात्यांसाठी तसंच केलं. आउटलुक २०१०वर सुखाने चालणाऱ्यांचा मेल थांबला. बिलं आपोआप मेल करणारी जुनी सॉफ्टवेअरं आणि स्कॅन करून मेल टाकणारी यंत्रं मुकी झाली. आता ॲपला पासवर्ड मिळत नाही, परवाना मिळतो. माणूस गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर ओळख पटवतो आणि त्या विशिष्ट ॲपला ठरावीक कामांपुरती मुभा देतो. हे ॲप आधी नोंदवलेलं असावं लागतं, आणि फोन ऑफिसच्या नोंदीतला आहे का, ॲप मंजूर यादीतलं आहे का, अशा अटी सर्व्हर त्या क्षणी लावू शकतो.

यातही नाव फसवू शकतं. ३ मे २०१७ रोजी लोकांना ओळखीच्या माणसाकडून ‘तुमच्यासोबत एक डॉक्युमेंट शेअर केलं आहे’ असं पत्र आलं. बटण दाबलं की पान उघडे ते गूगलचं अस्सल पान. तिथे ‘गूगल डॉक्स’ नावाचं ॲप तुमचा मेल वाचण्याची, पाठवण्याची, पुसण्याची परवानगी मागे. लोकांनी दिली. ते गूगलचं नव्हतंच. कुणीतरी आपल्या ॲपचं नाव ‘गूगल डॉक्स’ ठेवलं होतं, आणि परवानगी मिळताच ते पत्त्यांतल्या सगळ्यांना तेच पत्र धाडत होतं. गूगलने तासाभरात ते थांबवलं. पासवर्ड कुणाचाच चोरीला गेला नव्हता.

तेव्हापासून बऱ्याच ऑफिसांनी कर्मचाऱ्याला अशी परवानगी परस्पर देण्याची मुभाच काढून घेतली आहे. तो मागणी करतो, ॲडमिन पाहून मंजूर करतो. अलीकडे या मागण्यांत फोनचं मेल ॲप क्वचितच दिसतं. मीटिंगचं टिपण काढणारे एआय सहायक, उत्तरं लिहून देणाऱ्या सेवा, विक्रीच्या पत्रांचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरं यांचीच रांग असते, आणि मागितलेल्या परवानग्यांत ‘मेल वाचणे’च्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते : वापरकर्ता हजर नसतानाही. टिपण काढायला सगळा इनबॉक्स कशाला लागतो, हे विचारणारा ॲडमिन ऑफिसात अप्रिय होतो. तरी त्याने विचारावं. परवाना नंतर एका क्लिकवर रद्द होतो, सेवेने तोवर वाचून आपल्याकडे ठेवलेला मजकूर होत नाही. तो परत घ्यायचा तर करारातलं कलम काढून त्या कंपनीला पत्र लिहावं लागतं.